नंबर बरोबर, चष्मा चूक

सकाळी ९.३०

शटर वर गेलं की आधी काचांचा नंबर मोजायच्या लेन्सोमीटरची काच पुसायची, मग उदबत्ती. येवल्यातलं आमचं चष्म्याचं दुकान लहानच आहे. पुढे शोकेस, मागे तपासणीची खोली, तिच्याही मागे फिटरदादांचं काचा घासायचं मशिन. सात वर्षं मी इथे डोळे तपासते. आज काका येणार आहेत, हे रात्रीपासून डोक्यात आहे.

काका पैठणी विणतात. वय अठ्ठावन्न. अठरा दिवसांपूर्वी, रविवारच्या गर्दीत, मुलाने त्यांना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं-जवळचं दाखवणाऱ्या, काचांचा चष्मा घेऊन दिला. काचांचे ६,१०० आणि फ्रेमचे १,५००, असे ७,६०० रुपये झाले. माप मीच घेतलं होतं. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला, "ताई, काठ वाकडा दिसतोय." मी म्हणाले, "सवय होईल काका, पंधरा दिवस घाला." काल मुलाचा फोन आला. पैसे परत हवेत.

१०.००

लॅबचं पार्सल. सात जोड्या. प्रत्येक जोडी लेन्सोमीटरवर धरायची आणि कार्डाशी ताडून बघायची. एका काचेत सिलिंडर बरोबर आहे, पण ॲक्सिस, म्हणजे त्याचा कोन, ९० ऐवजी ८०. ती परत. दहा अंशांनी काय होतंय, असं म्हणून ती फ्रेममध्ये बसवली असती, तर चार दिवसांनी कुणीतरी डोकं धरून आलं असतं.

१०.४५

कॉलेजचा एक मुलगा. फ्रेम मित्रांना आवडली नाही, पैसे परत द्या. चष्मा महिनाभर वापरलेला, डाव्या काचेवर ओरखडा. नंबर तपासला, फिटिंग तपासलं, दोन्ही ठीक. पैसे मिळणार नाहीत, दुसरी फ्रेम घेतलीस तर याच काचा त्यात बसतात का ते बघू, असं सरळ सांगितलं. थोडा हिरमुसला. पण आवड बदलणं वेगळं आणि चष्मा चुकणं वेगळं. हा फरक दुकानदाराने पाळायचा आणि गिऱ्हाइकानेही.

११.२०

काका आले, सोबत काकू आणि मुलगा. मुलाच्या हातात बिल, डॉक्टरांचा कागद आणि मोबाइल. "१९१५ वर तक्रार करणार होतो, बाबा म्हणाले आधी ताईंना भेटू." ग्राहक हेल्पलाइनचा तो नंबर त्याने शोधून ठेवला होता, हे मला बरंच वाटलं.

आधी लेन्सोमीटर. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.५०, जवळचा ॲड +२.२५. अगदी कागदाबरहुकूम. बहुतेक दुकानांत गोष्ट इथेच संपते: मशिन बरोबर दाखवतंय म्हणजे काचा बरोबर, तुम्हालाच सवय होत नाही.

मी काचेवर हळूच फुंकर घातली. वाफ धरली की प्रोग्रेसिव्ह काचेवरच्या कायमच्या खुणा क्षणभर उमटतात. एरवी त्या दिसत नाहीत. दोन बारीक वर्तुळं, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲडचा आकडा असतो. वाफ उडायच्या आत मार्करने ठिपके दिले, कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवून बाहुलीसमोर यायला हवी ती फुली काढली आणि चष्मा काकांना घातला. "माझ्या कपाळाकडे बघा काका." फुली बाहुलीच्या चार मिलिमीटर खाली.

नाकपट्ट्या आत घेतल्या, काड्या कानामागे वळवल्या. चष्मा दोन मिलिमीटर वर आला. म्हणजे फ्रेम घसरली होती हे खरं, पण उरलेले दोन माझ्या मापातले. आणि कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलेलं: पीडी ६४. दोन बाहुल्यांमधलं एकूण अंतर. त्याचे सरळ दोन भाग करून काचा मागवल्या गेल्या, ३२ आणि ३२. आता एकेक डोळा वेगळा मोजला तर उजवा ३०.५, डावा ३३.५. काकांचं नाक जरा एका बाजूला झुकलेलं आहे. साध्या काचांत या नंबराला हे चाललं असतं. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं दिसायची वाट मुळातच काही मिलिमीटरची असते, तिथे दीड मिलिमीटर म्हणजे वाटेच्या कडेला चालणं.

मी हात थांबवून काकांना म्हणाले, "माप माझं चुकलंय." काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, हे रोज रात्री म्हणायचे, माझेच डोळे गेले."

हे वाक्य मला लागलं. "सवय होईल" या दोन शब्दांनी चूक माणसाच्या अंगावर ढकलली जाते. सवय लागते, हे खोटं नाही. सिलिंडर पहिल्यांदा लागला की जमीन वर आल्यासारखी वाटते, प्रोग्रेसिव्ह नवा असला की पायऱ्या उतरताना पाय चाचरतो, आणि बऱ्याच जणांचं एक-दोन आठवड्यांत बसतं. पण आधी मोजायचं आणि मग सवयीचं बोलायचं. फोनवर न बघता मी ते बोलायला नको होतं.

"काका, मागावर कापड डोळ्यापासून किती लांब असतं?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मागे घेतले, परत पुढे केले. "मागावर बसल्याशिवाय कसं सांगू?"

दुपारी १.३०

डबा खाल्ला आणि टेप व तपासणीची ट्रायल फ्रेम घेऊन काकांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत माग, पाय खाली खड्ड्यात. पदराचं काम चालू होतं, मोराचं. मोराच्या पोटात हिरव्या-निळ्या रेशमाच्या छोट्या कांड्या लोंबत होत्या. जिथे रंग बदलतो तिथे एक कांडी थांबते आणि शेजारची पुढे जाते, उभे धागे मोजून. एक धागा चुकला तर मोराची मान चुकते.

टेप लावला. डोळ्यापासून विणीच्या कडेपर्यंत ५० सेंटिमीटर. कापडाचा पन्हा पंचेचाळीस इंच, आणि काकांची नजर दिवसभर या काठावरून त्या काठावर.

एवढ्यावरून सगळं उलगडलं. त्या चष्म्यातला जवळचा नंबर पुस्तक धरतो त्या चाळीस सेंटिमीटरचा. पन्नाससाठी काचेतल्या मधल्या पट्ट्यातून बघावं लागतं, आणि तोच पट्टा सगळ्यात अरुंद. नजर त्याच्या बाजूला गेली की तिथे काच वेडीवाकडी दाखवते. हा दोष त्या काचेच्या घडणीतच आहे. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये पहिली व्हॅरिलक्स आली तेव्हापासून या काचा खूप सुधारल्या, पण कडेचा हा दोष कमी होतो, जात नाही. ऑफिसातला माणूस मान वळवून निभावतो. काकांसमोर मात्र हजारो सरळ उभे धागे ताणलेले, आणि काचेच्या कडेतून ते सगळे वाकलेले दिसणार.

"त्या दिवशी काठ वाकडा वाटला म्हणून दोन बोटं उसवलं," काकांनी दाखवलं. "उसवल्यावर कळलं, काठ सरळच होता."

म्हणजे माप अचूक असतं तरी हा चष्मा या मागाला चालला नसता. चूक माप घेण्याच्या आधीची होती. दिवसभर काय करता, हे मी विचारलंच नव्हतं.

मागावरच ट्रायल फ्रेम घातली. पन्नास सेंटिमीटरला डोळ्याला दोन डायॉप्टर लागतात, एक मीटर भागिले अर्धा मीटर. थोडं काम काकांचा डोळा अजून स्वतः करतो, म्हणून १.७५ दिले. लांबचे ०.५० धरून +२.२५, एकाच नंबरची साधी काच. काकांनी या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली, मग मोराच्या मानेशी वाकले आणि पुटपुटत धागे मोजायला लागले. मी खोलीत आहे हे विसरून.

३.१५

शेठशी बोलणं. "नंबर बरोबर आहे ना? मग पैसे कसले? त्यांच्या मापाच्या काचा मी दुसऱ्या कुणाला विकू?" प्रश्न रास्त आहे. चष्मा साडीसारखा घडी घालून परत कपाटात ठेवता येत नाही. आमच्या बिलावर शिक्काही आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मी मार्कर लावलेला फोटो पुढे ठेवला. फुली कुठे, बाहुली कुठे. मग कायद्याचं सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. आज अठरावा दिवस. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. पण मला शेठना घाबरवायचं नव्हतं, म्हणून शेवटी म्हणाले, "शेठ, कायदा नसता तरी हे पैसे आपले नाहीत."

ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. मग म्हणाले, "लेन्स कंपनीला लिही. न जमलेल्या प्रोग्रेसिव्हचं ते मुदतीत काही करतात का बघ. त्यांनी नाही दिलं तरी काकांना दे."

४.३०

शाळेची मुलं, दोन सैल काड्या, एक हरवलेला स्क्रू. मध्येच कंपनीला मेल: जॉब नंबर, चुकलेलं माप, खरं माप. चूक आमची, असंच लिहिलं.

५.४५

फिटरदादांनी +२.२५ च्या तयार काचा त्याच फ्रेममध्ये बसवल्या. या वेळी केंद्र ३०.५ आणि ३३.५ वरून, जवळच्या नजरेसाठी दोन्हीकडे थोडं आत घेऊन. काचा ७०० रुपयांच्या.

६.४०

काका एकटेच आले. हिशोब कागदावर मांडला. काचांचे ६,१०० पूर्ण परत, नव्या काचांचे ७०० वजा, फ्रेम त्यांना हवी आहे. ५,४०० रुपये. मुलाच्या ज्या खात्यातून आले त्यातच गेले. क्रेडिट नोट फाडून दिली, जुन्या बिलाला टाचून. चष्मा घालून रस्त्यावरचं धूसर दिसेल, हा मागावरचा आहे, गाडीवर घालायचा नाही, हे दोनदा सांगितलं. लांबचा नंबर इतका थोडा आहे की वेगळा चष्मा आत्ता घेऊ नका, हेही.

"मोबाइल?"

"जरा लांब धरा काका. मागाइतका."

त्यांनी खिशातून हिरव्या रेशमाचा तुकडा काढला, दोन्ही हातांत ताणून समोर धरला आणि डोकं न हलवता नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली. "सरळ आहे," म्हणाले.

८.१५

शटरच्या आधी जॉब कार्डांचं पॅड काढलं. नाव, नंबर, पीडी, उंची, फ्रेम, एवढेच रकाने छापलेत. उरलेल्या प्रत्येक कार्डावर, नावाच्या खाली, पेनाने ओळ लिहायला बसले: काम काय? किती अंतरावरून? पीडीच्या रकान्यात मधोमध रेघ मारून दोन घरं केली, उजवा आणि डावा. एकतीस कार्डं होती. शेठ दिवे घालवायला आले, बघितलं, आणि एक दिवा चालू ठेवून बाहेर जाऊन थांबले.