ऑपरेशन झालं, तरी चेहऱ्याची कळ परत का येते?

चार्जरच्या वायरचं प्लास्टिक घासून निघालं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचंही असंच होतं. ती मेंदूतून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला खेटून दर ठोक्याला दाबते, वरचं मायलिनचं आवरण झिजतं आणि आतले तंतू एकमेकांत ‘शॉर्ट’ होतात. दात घासले, वारा लागला, की गालात विजेचा झटका! हाच ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. सलमान खानमुळे नाव ऐकलं असेल. कित्येक जण आधी चांगली दाढ काढून बसतात.

गोळ्यांनी भागलं नाही, तर कानामागे कवटीला छोटं भोक पाडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा मऊ बोळा ठेवतात. हो, नॉनस्टिक तव्यावरचाच टेफ्लॉन. (वायरच्या इन्सुलेशनलाही तो चालतो!) ही पद्धत रूढ करणारे अमेरिकन सर्जन पीटर जॅनेटा यांच्या टीमने १९९६ मध्ये १,१८५ रुग्णांचा हिशेब मांडला. ३० टक्के लोकांची कळ परत आली, बहुतेकांची पहिल्या दोन वर्षांतच. ११ टक्के लोकांचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं.

बग परत ओपन झाला की आम्ही तोच पॅच डोळे झाकून पुन्हा टाकत नाही, आधी लॉग बघतो. इथला लॉग म्हणजे एमआरआय, तोही नसेचे पातळ काप दाखवणारा. बोळा सरकलाय का? नवीन रक्तवाहिनी टेकलीये, की पहिल्या वेळी एखादी सुटली होती? कधीकधी टेफ्लॉनभोवतीच गाठ होते आणि तीच नस दाबते. म्हणजे पॅचच बग झाला! असं काही दिसलं तर पुन्हा उघडण्यात अर्थ आहे. मात्र आत जुने व्रण चिकटलेले असतात, त्यामुळे गाल बधिर होण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त.

काहीच दाबत नसेल तर? मग गॅमा नाइफचे किरण, बलून किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता वापरून नसेला मुद्दाम थोडी इजा करतात. कळ थांबते, बदल्यात बधिरपणा येऊ शकतो. डोळा बधिर झाला तर कचरा गेलेलाही कळत नाही. म्हणून ‘किती बधिरपणा चालेल?’ हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

घरात कोणाचं असं चाललं असेल, तर सेकंड ओपिनियनसाठी फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, तो कॉम्प्रेस होतो. सीडीतल्या मूळ डायकॉम फाइल्स ड्राइव्हवर चढवा आणि सोबत पहिल्या ऑपरेशनची नोट स्कॅन करून द्या.