पत्ता कोणत्या द्वाराचा?

संगणकांची निरनिराळी जाळी एकमेकांस जोडणाऱ्या राउटर या यंत्राला अनेक द्वारे असतात. त्यांना इंटरफेस अशी संज्ञा आहे. द्वाराला बहुधा स्वतःचा आय.पी. पत्ता असतो, क्वचित एकाच द्वाराला दोन-तीन पत्तेही दिलेले आढळतात. आता असे समजा की, १९२.१६८.१०.१ हा पत्ता असलेल्या द्वारावर वाहतूक तुंबली आहे. यंत्र दुसऱ्या शहरात आहे आणि त्याला वीस द्वारे आहेत. यांपैकी नेमके कोणते तपासावयाचे? अंदाजाने एखादे बंद केले, तर एखाद्या रुग्णालयाचा सारा व्यवहार विनाकारण थांबावयाचा.

हा प्रश्न यंत्रालाच विचारता येतो. त्यासाठी एस.एन.एम.पी. ही संकेतप्रणाली आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘जाळ्याच्या व्यवस्थापनाची साधी संकेतप्रणाली’ असा होतो. मात्र यातील ‘साधी’ या शब्दावर वाचकाने फारसे विसंबू नये. तिचे पहिले स्वरूप १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने कोणती माहिती कोणत्या क्रमांकाखाली बाळगावी, याची जी यादी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा उपयोग आजही होतो.

खरी अडचण अशी की, यंत्र ही माहिती दोन वेगळ्या कोष्टकांत ठेवते. पहिल्यात द्वारांचे अनुक्रमांक, वर्णन, वेग व स्थिती असते; पत्ता नसतो. दुसऱ्यात पत्ते असतात. द्वाराचे नाव नसते, केवळ अनुक्रमांक असतो. हा अनुक्रमांक हाच दोहोंमधील दुवा होय. दुसऱ्या कोष्टकात प्रत्येक ओळीची ओळख म्हणजे तो पत्ताच. म्हणून १.३.६.१.२.१.४.२०.१.२ या क्रमांकापुढे आपला पत्ता जोडावा आणि परवलीच्या शब्दासह प्रश्न पाठवावा. उत्तर ‘७’ असे आले, तर पहिल्या कोष्टकात १.३.६.१.२.१.२.२.१.२.७ येथे त्या द्वाराचे वर्णन मिळते. पत्तेच ठाऊक नसतील, तर ‘यापुढील नोंद कोणती?’ असे पुनःपुन्हा विचारीत संपूर्ण कोष्टक वाचून काढता येते.

येथे मिळालेला ७ म्हणजे यंत्राच्या पेटीवर छापलेला अंक नव्हे. तो कायमचाही नव्हे. यंत्र पुन्हा सुरू झाले अथवा त्यात नवा भाग बसविला, की अनुक्रमांक बदलू शकतात. तसे घडले असता जुन्या टिपणावरून शोध घेणारा मनुष्य निराळ्याच द्वाराशी पोहोचतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. यास्तव नोंदवहीत अनुक्रमांकाऐवजी द्वाराचे नाव, किंवा व्यवस्थापकाने स्वतः दिलेले वर्णन लिहावे आणि क्रमांक दर वेळी नव्याने विचारून घ्यावा.

जुन्या कोष्टकात आय.पी.च्या सहाव्या आवृत्तीचे लांब पत्ते मावत नाहीत. त्यांच्यासाठी २००६ मध्ये नवे कोष्टक ठरविण्यात आले; त्यात पत्त्याच्या आधी त्याचा प्रकार व लांबी हे दोन अंकही लिहावे लागतात. काही यंत्रे एकाच कोष्टकाला उत्तर देतात, तेव्हा दोन्ही विचारून पाहावी.