सहल आयोजकांसाठी सरकारी नियम : शुल्क, पावती आणि नोंदी



राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेत. हे सगळे भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या भागातले. जुलै २०२५ मध्ये राजगडाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सुट्टीच्या दिवशी इथे पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात. बरेच जण एखाद्या आयोजकाकडे पैसे भरून आलेले असतात. या आयोजकांना कोणते नियम लागू आहेत, ते आज समजून घेऊ.

१) नोंदणी

महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणचे साहसी उपक्रम त्यात येतात. असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. म्हणून पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, "तुमची नोंदणी झाली आहे का? प्रमाणपत्र दाखवता का?"

२) शुल्क आणि पावती

राहणे व प्रवास धरून एकरकमी सहल विकली, तर त्यावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. एक उदाहरण पाहू.

समजा, माणशी शुल्क १,२०० रुपये आणि माणसे ४०.
एकूण शुल्क : १,२०० × ४० = ४८,००० रुपये
जीएसटी ५ टक्के : २,४०० रुपये
एकूण बिल : ५०,४०० रुपये

आता महत्त्वाची गोष्ट. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. पण ज्याची नोंदणीच नाही, त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही! म्हणून बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो.

३) नोंदी

नोंदी दोन प्रकारच्या असतात.

अ) पैशांच्या नोंदी : जीएसटी नोंदणी असलेल्या आयोजकाने हिशेबाच्या वह्या आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे ६ वर्षे, जपून ठेवायची असतात.

आ) माणसांच्या नोंदी : नाव, वय, घरचा फोन नंबर, आजार, चालू औषधे. लहान मुलांसाठी पालकांचे संमतिपत्रही हवे.

ही यादी कशाला, असं वाटेल. राजगड-तोरणा ट्रेकच घ्या. गट गुंजवण्यातून राजगड चढतो, संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघतो आणि वेल्ह्यात उतरतो. चढायचे गाव एक, उतरायचे दुसरे. वाटेत धुके दाटले आणि दोघे मागे राहिले, तर कुणाच्या लक्षात येणार? यादी हातात असेल तर उतरल्यावर लगेच कळते : चढताना ४०, उतरताना ३८. मग गावकऱ्यांना, पोलिसांना आणि बचाव पथकाला नेमकी नावे सांगता येतात. यादी नसेल, तर शोधायचे कुणाला, हेच ठरवता येत नाही.

४) फसवणूक झाली तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाला २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि पहिला पुरावा म्हणजे तुमच्या हातातली पावती. ती मागायला लाजू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा : पावती तुमचे पैसे जपते, यादी तुमचा जीव जपते.

स्वाध्याय
१. माणशी १,५०० रुपये शुल्क व ३० माणसे असतील, तर ५ टक्के जीएसटीसह एकूण बिल किती?
२. तुमच्या वर्गाच्या सहलीसाठी नोंदवहीचे एक पान तयार करा. त्यात कोणते रकाने ठेवाल?