धर्मपिता, धर्ममाता : मान आणि जबाबदारी

मागच्या वेळी आपण बाप्तिस्म्यातली पाणी, तेल आणि मेणबत्ती ही चिन्हं पाहिली. आज बाळाशेजारी उभ्या राहणाऱ्या धर्मपित्याविषयी आणि धर्ममातेविषयी बोलू.

बाळाला साखळी घालायची आणि फोटोत उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम, असं पुष्कळांना वाटतं. आईबाप गेले तर लेकराचा ताबा त्यांच्याकडे जातो, असंही काही जण समजतात. पण धर्मपिता झाल्यानं कायद्याचं पालकत्व मिळत नाही. मग मिळतं काय?

सुरुवातीच्या शतकांत छळाच्या दिवसांत मोठी माणसं बाप्तिस्मा मागायला येत. तेव्हा ‘हा माणूस खरा आहे’ अशी हमी मंडळीतलं कोणीतरी देई. हे हमीदाराचं नातं पुढे बाळांच्या बाप्तिस्म्यातही आलं. म्हणूनच विधीत धर्मगुरू त्यांना विचारतात: आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तयार आहात का? ‘तयार आहोत’ हे उत्तर म्हणजे शब्द देणं आहे.

१९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघं मिळून चालतात. वय साधारण सोळा पूर्ण हवं. ती व्यक्ती कॅथलिक, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेली, श्रद्धेला शोभेल असं जगणारी हवी. बाळाचे आईवडील मात्र नकोत. ज्याला मदत करायची, तोच मदतनीस कसा होणार?

खरी अडचण आपल्या वऱ्हाडात येते. समजा, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला आलेलं एक कॅथलिक कुटुंब आहे. नातलग दूर. आईचा भाऊ अलायन्स मंडळीचा, आणि जिवाभावाचा शेजारी हिंदू. मामाचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर कॅथलिक धर्मपालकासोबत तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. अलायन्समध्ये बाप्तिस्मा समज आल्यावर देतात, म्हणून तो झालाय का, हे आधी विचारून घ्यावं. शेजाऱ्याला हे पद देता येत नाही. त्यात त्याचा अपमान नाही. जी श्रद्धा त्याची नाही, तिची हमी त्याच्याकडून मागणं हेच त्याच्यावर ओझं होईल. आनंदात त्याला पुढची जागा जरूर द्यावी.

तेव्हा निवड करताना ‘कोण रुसेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवू. बाळ बारा वर्षांचं झाल्यावर ‘मी चर्चला का जाऊ?’ असं विचारेल, तेव्हा त्याच्याजवळ बसून बोलणारं माणूस कोण, हे आपण पाहू.