पोकळ बचाव आणि दिवाणी न्यायालय

बंगळूरच्या बसवनगुडी भागातील गांधी बाजार फुले, फळे आणि पूजासाहित्याच्या विक्रीसाठी ओळखला जातो. तेथील एखाद्या दुकानदाराने बँकेकडून १२ लाख रुपयांचे विनातारण कर्ज घेतले, शेजाऱ्याने स्नेहाखातर जामीन दिला आणि पुढे हप्ते थकले, अशी कल्पना करावी. येणे २० लाखांपेक्षा कमी असल्याने बँकेला कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. समन्स हाती पडताच जामीनदार गोंधळतो. कोणीतरी सुचवतो, “सारे अमान्य, एवढेच लिहून द्या.” हाच सल्ला सर्वांत महाग पडतो.

नकार नेमका हवा

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ८ नुसार प्रतिवादीने दाव्यातील प्रत्येक विधानाला आपल्या लेखी कैफियतीत स्वतंत्र उत्तर द्यावयाचे असते. ‘एवढी रक्कम मिळाली नाही’ असे म्हणणे पुरेसे नाही. मुळीच मिळाली नाही की काही मिळाली, आणि मिळाली तर किती, हे सांगावे लागते. जे विधान स्पष्टपणे नाकारलेले नाही, ते मान्य असल्याचे न्यायालय धरू शकते. मात्र आवश्यक वाटल्यास वेगळा पुरावाही मागू शकते. मुंबईची बदात आणि कंपनी व न्यूयॉर्कची ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी यांच्या वादात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी १९६३ साली या नियमांचा एकत्रित अर्थ विशद केला. त्याचा दाखला आजही दिला जातो.

बचाव केव्हा वगळला जातो?

आदेश ६, नियम १६ अन्वये अनावश्यक, बदनामीकारक, निरर्थक, केवळ त्रास देण्यासाठी केलेला किंवा न्याय्य सुनावणीस विलंब लावणारा मजकूर न्यायालय वगळू शकते. परंतु बचाव दुबळा आहे, एवढ्याच कारणाने तो वगळता येत नाही. त्याची पारख पुराव्यानंतर होते. म्हणूनच हा अधिकार जपून वापरला जातो.

वचनचिठ्ठी, लेखी करार किंवा जामीनपत्र यांवर आधारलेला दावा आदेश ३७ खाली संक्षिप्त पद्धतीने दाखल झाल्यास मार्ग अधिक अरुंद होतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते. त्यानंतर निकालासाठीचे समन्स मिळाल्यावर पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हबटाऊन प्रकरणात याची तत्त्वे नव्याने मांडली. विचारार्ह मुद्दा असेल तर परवानगी मिळते. बचाव शक्य पण संभवनीय वाटत नसेल तर रक्कम भरण्याची अट घातली जाऊ शकते. तो निरर्थक असेल तर परवानगी नाकारून हुकूमनामा होतो.

मुदतीचे भान

नेहमीच्या दाव्यात लेखी कैफियत ३० दिवसांत द्यावी लागते. न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ३ लाख रुपयांपासून पुढच्या व्यापारी वादात १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले.

ग्राहक आणि कर्मचारी यांच्यासाठी

जामीनदाराकडे खरा बचाव असू शकतो: भरलेले हप्ते जमा दाखवलेले नाहीत, सही त्याची नाही, दावा मुदतबाह्य आहे किंवा कर्जाच्या अटी त्याच्या संमतीविना बदलल्या आहेत. असा मुद्दा असल्यास तारीख, रक्कम आणि पावती यांसह तो मांडावा व वकिलांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. बँकेच्या कर्मचाऱ्यांनीही खात्याचा प्रमाणित उतारा आणि मूळ दस्तऐवज नीट सांभाळावेत. बचाव नेमका हवा, तसा दावाही नेमका हवा.

न्यायालयाचे दार खऱ्या तक्रारीला बंद होत नाही. ते बंद होते ते मौनाला आणि मोघमपणाला.