प्रवासाचा भूगोल (लेखांक ९) : बेलीझ, चुनखडीचा देश

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, उत्तरेला मेक्सिको आणि पश्चिम-दक्षिणेला ग्वाटेमाला यांच्या कुशीत वसलेला बेलीझ हा सुमारे २३,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तेराव्या हिश्श्याहूनही किंचित लहान देश आहे. १९८१ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत तो इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि त्यामुळेच स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये राहूनही त्याची राजभाषा इंग्रजी आहे. येथील मार्गदर्शित सहली ‘जंगल, माया अवशेष आणि प्रवाळ’ अशा तिहेरी नावाने विकल्या जातात. आठवडाभराच्या कार्यक्रमातील पहिले तीन-चार दिवस पश्चिमेकडील सान इग्नासियो या गावाच्या परिसरात आणि उरलेले एखाद्या बेटावर, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. एरवी असे त्रिकूट म्हणजे जाहिरातदाराने बांधलेली मोट असते, परंतु बेलीझपुरती ही मोट भूशास्त्रानेच बांधून ठेवली आहे, कारण तेथील गुहा, मंदिरे आणि समुद्रातील प्रवाळांची भिंत या तिन्हींचे द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट अर्थात चुनखडी, आहे.

युकातान द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेला बेलीझचा बराचसा भूभाग हा प्राचीन उथळ समुद्रांच्या तळाशी शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून तयार झालेला चुनखडक आहे. दक्षिणेकडील माया पर्वताचा गाभा तेवढा ग्रॅनाइटसारख्या जुन्या व कठीण खडकांचा आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते, चुनखडकाच्या फटींतून झिरपताना तो विरघळवत जाते आणि हजारो वर्षांत त्यात विवरे, भुयारे व भूमिगत नद्या कोरते. अशा भूप्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की पाऊस भरपूर पडूनही पुष्कळ ठिकाणी पाणी पृष्ठभागावर टिकत नाही, ते खाली उतरते. आणि येथे प्राचीन काळी नगरे वसवणाऱ्या माया लोकांच्या दृष्टीने जेथे पाणी खाली उतरते तेच पाताळाचे, त्यांच्या ‘शिबाल्बा’चे, दार होते.

सान इग्नासियोच्या पूर्वेस असलेल्या आक्तुन तुनिचिल मुकनाल या गुहेत हा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. नदीचे पात्र तीनदा ओलांडून जंगलवाटेने गुहेच्या तोंडाशी यावे लागते. तेथे पाणी इतके खोल आहे की आत शिरायचे तर पोहावेच लागते, आणि त्यापुढे कधी कमरेएवढ्या तर कधी गळ्याएवढ्या पाण्यातून बराच वेळ चालल्यावर एक कोरडे दालन लागते. या दालनात बूट काढून केवळ मोज्यांवर चालावे, असा नियम आहे. जमिनीवर सर्वत्र मातीची भांडी पडलेली आहेत, त्यांतील कित्येक विधीच्या वेळी मुद्दाम फोडलेली किंवा भोक पाडलेली, आणि पाझरत्या पाण्याने ती चुन्याच्या थरात जागच्या जागी सांधली गेली आहेत. शेवटच्या कोपऱ्यात एक संपूर्ण मानवी सांगाडा पडलेला आहे. पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट स्फटिकरूपाने त्याच्या हाडांवर साचल्याने तो दिव्याच्या उजेडात चमकतो, आणि म्हणून त्याला ‘स्फटिककन्या’ हे नाव पडले. पुढील तपासणीत मात्र तो एखाद्या तरुण मुलाचा असावा, असे मत पुढे आले. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून एका प्राचीन कवटीला भोक पडले, तेव्हापासून येथे छायाचित्रणास पूर्ण बंदी आहे. ही बंदी उत्तमच म्हणावी लागेल, कारण जगात डोळ्यांनी पाहण्यापुरत्या उरलेल्या जागा आता फार नाहीत.

छतावरून टपकणाऱ्या याच पाण्याने जमिनीवर उभे राहणारे खांब, ज्यांना भूगोलात ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात, ते पावसाची नोंदवही ठरतात. त्यांचा प्रत्येक थर तो साचला त्या काळच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण जपून ठेवतो, आणि युरेनियमच्या क्षयावरून त्या थराचे वय काढता येते. बेलीझच्या दक्षिणेकडील योक बालुम गुहेतील अशा एका स्तंभाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की इसवी सन ४४० ते ६६० हा काळ विशेष पावसाचा होता, त्यानंतर पाऊस उत्तरोत्तर घटत गेला आणि अकराव्या शतकात दीर्घ अवर्षण पडले. माया नगरांची भरभराट आणि त्यांचा ऱ्हास यांच्याशी हा आलेख पुष्कळ अंशी जुळतो. केवळ दुष्काळाने एक संस्कृती लयाला गेली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण आपसांतील युद्धे, राजघराण्यांची घसरलेली पत आणि वाढलेली लोकसंख्या हीही कारणे होतीच. तथापि पाण्याच्या भरवशावर ज्यांची सत्ता उभी होती त्या राजांना पाऊस फिरल्यावर तोंड दाखवणे अवघड झाले असणार.

त्या सत्तेचा आवाका काराकोल येथे कळतो. १९३७ मध्ये महोगनीची झाडे शोधणाऱ्या एका लाकूडतोड्याला सापडलेल्या या नगरातील ‘काना’ ही वास्तू सुमारे ४३ मीटर उंच असून आजही ती देशातील सर्वांत उंच मानवनिर्मित बांधकामांपैकी एक आहे. इसवी सन ५६२ मध्ये बलाढ्य तिकाल नगराचा पराभव झाल्याची नोंद येथील एका वेदीवर कोरलेली आहे, जरी त्या विजयात कालाकमुलच्या राज्याचा वाटा किती होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १९८५ पासून येथे उत्खनन करणारे आर्लेन आणि डायेन चेस यांनी २००९ मध्ये विमानातून लेसर किरण सोडून झाडांखालची जमीन मोजण्याचे ‘लायडार’ तंत्र वापरले, आणि सुमारे २०० चौरस किलोमीटर परिसर पायऱ्यांची शेते, उंचावलेले रस्ते आणि वस्त्यांनी व्यापलेला असल्याचे उघड झाले. ऐन भरात येथे एक लाखाहून अधिक लोक राहत असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. एवढ्या वस्तीला जवळ मोठी नदी नव्हती. तिची तहान पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांवर भागवली जाई.

या तळ्यांचे अस्तर, चौकांची फरसबंदी, मंदिरांचा गिलावा हे सारे चुन्याचे. चुनखडक लाकडाच्या ढिगावर रचून सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून लिंपला की हवेतील तोच वायू पुन्हा शोषून त्याचा दगड होतो. घाणीत मळलेल्या चुन्यात बांधलेले वाडे आणि किल्ले पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. फरक एवढाच की येथे घाणीला जुंपायला बैल नव्हते, गाडीला चाक नव्हते, आणि भट्टीला लागणारे सारे लाकूड भोवतालच्या रानातूनच तोडावे लागे. शुनानतुनिच या माया नगरातील सुमारे ४० मीटर उंचीच्या ‘कास्तियो’ या वास्तूवर चुन्यात घडवलेली शिल्पपट्टी प्रसिद्ध आहे, परंतु आज प्रवाशाला दिसते ती तिची फायबरग्लासची प्रतिकृती असते आणि मूळ पट्टी तिच्याआड सुरक्षित ठेवलेली असते. चांगला मार्गदर्शक हे आधी सांगतो.

चुना स्वयंपाकघरातही होता आणि आजही आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवले की त्यांची साले सुटतात, पीठ भाकरीसारखे थापण्याजोगे चिकट होते, आणि मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपीयांनी मका नेला पण ही प्रक्रिया नेली नाही, त्यामुळे मक्यावर जगणाऱ्या तेथील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. याच जंगलाने जगाला दिलेले एक झाड मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचे आहे. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत लावला जाणारा चिकू मूळचा याच प्रदेशातला. त्याच्या चिकापासून एकेकाळी च्युइंगम बने, आणि त्याचे लाकूड इतके टिकाऊ की तिकालच्या मंदिरांतील दारांवरच्या तुळया हजार वर्षांहून अधिक काळ तग धरून आहेत.

प्राण्यांविषयी थोडक्यात एवढे सांगणे पुरे की जग्वारसाठी राखलेले कॉक्सकोंब अभयारण्य १९८६ मध्ये स्थापन झाले. पण तेथे जग्वार दिसण्याची आशा कोणी दाखवल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. चिखलातील पावलांचे ठसे दिसतात, आणि पहाटे हाऊलर माकडांचा घुमणारा आवाज मात्र हमखास ऐकू येतो.

किनाऱ्यापलीकडे हीच चुनखडी आजही तयार होत आहे. प्रवाळ हा सूक्ष्म प्राणी समुद्राच्या पाण्यातील द्रव्यांपासून कॅल्शियम कार्बोनेट बनवून स्वतःभोवती घर बांधतो, आणि त्याच्या पेशींत राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते. युकातानच्या टोकापासून होंडुरासपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर पसरलेल्या प्रवाळरांगेचा सुमारे ३०० किलोमीटरचा भाग बेलीझचा आहे; १९९६ मध्ये त्यातील सात क्षेत्रे मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. अँबरग्रिस बेटाजवळील होल चान हे १९८७ पासूनचे सागरी राखीव क्षेत्र नवख्या पोहणाऱ्यालाही स्नॉर्कल लावून पाहता येते. येथे पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरील शैवाल खरवडताना दिसतो आणि त्याची करकर पाण्याखालीही ऐकू येते. त्याने गिळलेला प्रवाळ पिठासारखा होऊन बाहेर पडतो, आणि बेटांवरील शुभ्र वाळूचा बराचसा भाग तोच असतो. शैवाल माजू नये म्हणून बेलीझने २००९ मध्ये या माशाच्या मासेमारीवर बंदी घातली. अवकाशातूनही दिसणारे ‘ग्रेट ब्लू होल’ हे सुमारे ३०० मीटर रुंद आणि १२० मीटरहून खोल विवर म्हणजे हिमयुगात समुद्र पुष्कळ खाली होता तेव्हाची एक कोरडी गुहा आहे, जिचे छत कोसळले आणि नंतर जिच्यात समुद्र शिरला. तिच्यात सुमारे ४० मीटर खोलीवर लटकणारे लवणस्तंभ आक्तुन तुनिचिल मुकनालमधील स्तंभांचेच भाऊबंद आहेत. मात्र ते पाहण्यासाठी अनुभवी पाणबुड्या असावे लागते. इतरांनी त्या लांबच्या बोटप्रवासाचे पैसे शेजारच्या हाफ मून बेटावरील लाल पायांच्या बूबी पक्ष्यांसाठी खर्च केलेले बरे.

प्रवाळाला उबदार, स्वच्छ आणि खतविरहित पाणी लागते. डोंगरावरचे रान तुटले, संत्री-केळीच्या बागांतील खते नद्यांत उतरली आणि किनाऱ्यावरील खारफुटी कापली गेली की गाळ थेट प्रवाळरांगेवर जातो. खारफुटीची तोड आणि किनारी जमिनींची विक्री यांमुळे २००९ मध्ये हा वारसा ‘संकटग्रस्त’ ठरला होता. सरकारने समुद्रातील तेलशोध कायद्याने थांबवल्यावर २०१८ मध्ये तो शिक्का पुसला गेला. २०२१ मध्ये देशाने आपले सुमारे ५५ कोटी डॉलरचे परकीय कर्जरोखे सवलतीत परत घेतले आणि बदल्यात सागरी क्षेत्राच्या ३० टक्के भागाला संरक्षण देण्याचे वचन दिले. समुद्र तापल्याने प्रवाळातील शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो, ज्याला विरंजन म्हणतात. त्यावर मात्र कोणत्याही एका देशाचा कायदा चालत नाही.

बेलीझमध्ये मार्गदर्शकाला सरकारी परवाना लागतो, आणि पुष्कळ गुहांत व राखीव समुद्रात त्याच्यावाचून प्रवेशच नाही. सुमारे चार लाखांच्या या देशात माया, मेस्तिसो, क्रिओल, गॅरिफुना आणि एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांसाठी आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज असे अनेक समाज एकत्र राहतात, आणि मार्गदर्शकही त्यांच्यातूनच येतात. सहल निवडताना हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा, तोच मार्गदर्शक गुहेपासून अवशेषांपर्यंत सोबत राहणार का, हे विचारावे. जंगल आधी आणि समुद्र नंतर हा क्रम सोयीचा आहे, परंतु खोल पाण्यातील बुडीनंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये, हे लक्षात घेऊन शेवटचा दिवस कोरडाच ठेवावा. फेब्रुवारी ते मे हा कोरडा हंगाम, तर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. भारतातून थेट विमान नाही, वाटेतील देशाच्या व्हिसाचे नियम आधी पाहावे लागतात. टेक्सासमधील मराठी कुटुंबांना मात्र ह्यूस्टनहून अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते.