हायपर की हायपो? केसपेपरवरचे इंग्रजी शब्द

केसपेपरवर 'हायपरटेन्शन' लिहिलेले असले की पुष्कळजण म्हणतात, "मला आता कसलंच टेन्शन नाही, पोरं कमावती झाली." आणि गोळी बंद करतात. या शब्दातले टेन्शन म्हणजे काळजी नव्हे. रक्तवाहिन्यांत रक्ताचा जो दाब असतो तो. हायपर म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त. दवाखान्यात शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही बीपी 140/90 किंवा त्याच्या वर येत असेल तर त्याला हायपरटेन्शन म्हणतात. मन निवांत असले तरी ते असू शकते, आणि बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

याचाच जोडशब्द 'हायपो'. अर्थ नेमका उलटा : कमी. ओपीडीच्या गर्दीत दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. हायपोथायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी कमी काम करते, हायपरथायरॉइड म्हणजे जास्त. दोन्हींची औषधे वेगळी. शेजारणीलाही 'थायरॉइड' आहे म्हणून तिची गोळी घेऊ नये, ती कशाची आहे ते तुम्हाला माहीत नसते.

शुगरच्या रुग्णांच्या घरात तर 'हायपो-ग्लाय-सेमिया' हा शब्द सगळ्यांना पाठ हवा. रक्तातली साखर 70 च्या खाली जाणे. इन्सुलिन घेतले आणि जेवण राहिले की हे होते. दरदरून घाम, हातापायाला थरथर, एकदम भूक, असंबद्ध बोलणे. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर लगेच 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. 'शुगरवाल्याला साखर कशी द्यायची' असे म्हणत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

गाठीच्या रिपोर्टवर दोन शब्द येतात. एकाच्या स्पेलिंगमध्ये 'जी' असला तरी उच्चार 'बिनाइन'. ही गाठ कर्करोगाची नसते. दुसरा 'मॅलिग्नंट', यात ग ऐकू येतो, ही कर्करोगाची. नीट ऐकू आले नाही तर तिथेच पुन्हा विचारा, लाजू नका.

'निगेटिव्ह' वाचून घाबरणारेही पुष्कळ. एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे तपासणीत लागण आढळली नाही. पण रक्तगट निगेटिव्ह ही वेगळी गोष्ट, तो आजार नाही. मात्र गरोदर बाईचा गट निगेटिव्ह असेल तर ते सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे लागते.

आता औषधाची चिठ्ठी. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा (ओढायची बिडी नव्हे!), टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. औषध घेताना खिडकीवरच्या माणसाला सांगा, पाकिटावर मराठीत 'सकाळ-रात्र, जेवणानंतर' असे लिहून द्या.